पाकिटातली राखणदारीण

सून घरात आहे की भिंतीवरचं कॅलेंडर, हेच माईंना कळेनासं झालं होतं. कॅलेंडर निदान महिन्यातून एकदा तरी हलतं! ही बया सकाळी चहाचा कप घेऊन वरच्या खोलीत जायची, कानात ती बोंडं खुपसायची आणि काचेच्या पाटीवर पेन्सिल फिरवत बसायची. हाक मारली तर "हो माई." जेवायला बोलावलं तर "आले माई." मान म्हणून वर व्हायची नाही.

"अगं, समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायला पैसे पडतात का?" माई खालून गरजायच्या.

खाली त्यांचं गाद्या-उशांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं उभं केलेलं. माईंचा आवाज असा की समोरच्या फुटपाथवरचा माणूससुद्धा उगाच सरळ चालायला लागे. गल्लीत मागून त्यांना जमादारीण म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मुलगा सासू-सुनेच्या मध्ये कधी पडायचा नाही. तो कवळ्या बनवायच्या कामाला होता. लोकांचे दात बसवता बसवता स्वतःचे मिटून ठेवायला शिकला होता.

अशी ही सून एक दिवस आपण होऊन खाली आली आणि अर्धवट शिवलेल्या गादीच्या कडेला टेकली.

"माई, माझ्याकडून एक चूक झालीय."

"काय फोडलंस?"

"फोडलं नाही. तुमचं चित्र काढलं. तुम्हाला न विचारता." आणि तिनं ती काचेची पाटी माईंच्या मांडीवर ठेवली.

माईंनी चष्मा सारखा केला. पाहिलं. आणि त्यांच्या हातातलं दाभण तसंच राहिलं.

किल्ल्याचा उंच दरवाजा. त्याच्यामागे पिंजलेल्या कापसासारखे ढग, आभाळ भरून. आणि दारात एक बाई उभी. हातात भाल्याएवढं दाभण. डावी भुवई चढलेली. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, सुई टोचून टोचून माईंचं चिरलंय तसंच. केसांत सकाळी चिकटलेले कापसाचे तंतू, आणि त्या तंतूंचे पक्षी होऊन उडत होते! पाटी जरा कलती केली की पक्षी भुर्रकन वर जायचे आणि ती बाई थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघायची. अशी बघायची की खोटं बोलायची छाती होऊ नये.

"ही... मी?" माईंचा आवाज इतका लहान झाला की त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

ज्या पोरीनं कधी मान वर केली नाही म्हणून आपण ओरडत राहिलो, तिनं आपलं चिरलेलं नखसुद्धा पाहिलं होतं! इतकं निरखून तर नवऱ्यानंही कधी पाहिलं नव्हतं.

सून सांगत होती. तिच्या कंपनीचा पत्त्यांचा खेळ होता, मोबाइलवरचा. प्रत्येकानं पानं जमवायची, आपापला कॅट बांधायचा आणि अनोळखी माणसाशी लढायचं. हे पान त्यातलं. नाव राखणदारीण. ती टेबलावर आली की समोरच्याचं सगळ्यात भारी पान शिवून बंद करून टाकते.

"शिवून?" माई खूश झाल्या. "हे बाकी बरोबर पकडलंस."

"लोकांना फार आवडलंय. आता त्याची मोठी जाहिरात करायचीय. वकील म्हणतात, चेहरा खऱ्या माणसाचा असेल तर त्या माणसाची संमती पाहिजे. उद्या दुपारी साहेब तुमच्याशी बोलतील. तुम्ही हो म्हणालात तर..." सून अडखळली. "तर मला सगळ्या चित्रकारांवर मुख्य नेमणार आहेत. शिकत होते तेव्हापासून हेच एक मनात धरलं होतं मी."

"मग त्यात विचारायचं काय? हो म्हणून टाकते. पण आधी ते पान माझ्या मोबाइलवर दे."

"ते माझ्याकडेही नाही, माई. पाकीट विकत घ्यावं लागतं. आत काय आहे ते फोडल्यावर कळतं. राखणदारीण फार क्वचित निघते."

"क्वचितच निघणार!" माईंनी मान ताठ केली. "माझ्यासारखी काय ढिगानं मिळते?"

हा मान कोणाला तरी दाखवल्याशिवाय चैन पडेना. माई चपला सरकवून तडक धाकट्या भावाच्या सलूनकडे निघाल्या. पन्नाशी उलटली तरी त्यांच्या लेखी तो अजून बारकूच. हात मोठा सफाईचा, कात्री चालवायचा तर गिऱ्हाईक झोपी जायचं. पण दुकानातली एकुलती एक खुर्ची मोडकी. ती वर-खाली होत नसे. उंच गिऱ्हाईक आलं की बारकू स्टुलावर चढून केस कापायचा. नवी खुर्ची घ्यायची म्हणून तो कधीपासून पैसे बाजूला टाकत होता.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बारकू त्याच खुर्चीत मोबाइलवर वाकून बसला होता.

"खुर्ची कधी येणार रे?" माईंनी दारातूनच विचारलं.

बारकूनं मोबाइल मांडीखाली लपवायला बघितला. "येईल, ताई."

"माझ्यापासून लपवतोस? तुझं पहिलं जावळ मी धरून बसले होते तेव्हा निघालं. दाखव!"

त्यानं दाखवलं. पडद्यावर चमचमणारं बंद पाकीट होतं.

"तुझं पान शोधतोय," बारकू ओशाळून म्हणाला. "एकानं माझ्यावर टाकलं, तेव्हा पाहिलं. ती भुवई लाखात ओळखीन मी! म्हटलं, मिळालं की तुला एकदम दाखवीन, चकित करीन. पण निघतच नाही. दर वेळी वाटतं, पुढच्यात असेल."

"आणि खुर्चीचे पैसे?"

बारकूनं पाकिटाकडे बोट दाखवलं.

माईंच्या तोंडावर चार शिव्या आल्या होत्या. पण तेवढ्यात त्यानं पाकिटावर बोट टेकवलं आणि त्या शिव्या विरून गेल्या. काय तो उजेड! पाकीट थरथरलं, कडा सोन्यासारख्या तापल्या, कुठून तरी नगाऱ्यासारखा घुमणारा आवाज आला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. शेवटच्या पानाच्या मागून कापसासारखे ढग दिसले! माई खुर्चीच्या दांडीला धरून पुढे वाकल्या. पान उलटलं. ढगांत एक बकरी उभी होती.

"अगदी जवळ आलं होतं की रे! अजून एक फोड!" माई ओरडल्या. आणि बारकूच्या आधी त्यांचंच बोट पडद्याकडे गेलं.

इस्त्रीला हात लागावा तसा त्यांनी तो मागे ओढला. बोटाकडे बघत राहिल्या. उभ्या आयुष्यात ज्या बाईला कोणी एक उशी जास्त भावानं विकू शकलं नव्हतं, तिचं बोट तिला न विचारता निघालं होतं! समोरचं ते केवढं मोठं काहीतरी असलं पाहिजे, या विचारानं त्या हादरल्या.

"पाकीट राहू दे," त्या जपून म्हणाल्या. "तू खेळून दाखव."

बारकू खेळायला लागला आणि माई बघत राहिल्या. लहानपणी चिकटलेल्या, कोपरे उडालेल्या कॅटनं दोघं खेळायची तेव्हापासून हा पोरगा असाच. कोणतं पान गेलं, कोणतं कोणाच्या हातात दबून बसलंय, सगळं त्याच्या डोक्यात. दुर्री-तिर्रीवर हात करायचा! समोरचा खेळाडू धसमुसळा होता, चांगली पानं उधळत होता. बारकूनं त्याला हळूहळू कोपऱ्यात घेतला. आता शेवटचं भारी पान टाकलं की डाव संपला.

त्यानं ते टाकलं. आणि समोरून राखणदारीण उतरली.

दरवाजा उघडला, पक्षी उडाले, माईंचंच तोंड पडदाभर झालं. भाल्याएवढ्या दाभणानं तिनं बारकूचं पान टराटरा शिवून टाकलं. डाव संपला. बारकू हरला.

"असंच होतं," तो मुकाट्यानं म्हणाला. "ज्याच्याकडे तू, तो जिंकतो."

माईंना जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाचा राग आला.

घरी येऊन त्या जिना चढून थेट वर गेल्या आणि सुनेच्या कानातली बोंडं उपसून काढली.

"तुमच्या खेळात पत्ते पिसतं कोण?"

"यंत्र," सून गोंधळली.

"यंत्र कोणाचं?"

"कंपनीचं."

"काटतं कोण?"

"तेही यंत्रच."

"वाटतं कोण? तीच कंपनी! आणि हुकमाचा एक्का विकायला बसलंय कोण? तीच! अगं, आमच्यात पिसणाऱ्याला काटू देत नाहीत. सख्खा भाऊ असला तरी! विश्वास नाही म्हणून नव्हे, विश्वास टिकावा म्हणून!"

"पण माई, खेळ फुकट आहे. बहुतेक लोक दमडीही देत नाहीत. जे देतात त्यांच्यावर आमचे पगार निघतात. चित्रं काय हवेवर काढायची?"

हे काही खोटं नव्हतं. माई पलंगावर टेकल्या. मग हळू म्हणाल्या, "मग विका की! मी गाद्या फुकट वाटते का? पण कोपरा उसवून आतला कापूस दाखवते, मग पैसे घेते. 'घरी जाऊन फाडा, नशिबात असेल ते निघेल,' असं म्हणाले तर लोक मला त्याच गादीत गुंडाळतील. ज्याला मखमली खोळ हवी त्यानं जादा द्यावेत, आनंदानं घेईन. पण झोप? झोप सगळ्यांना सारखीच लागली पाहिजे!"

सुनेनं मान वर केली. थेट माईंच्या तोंडाकडे बघितलं.

"तुझ्या पदासाठी हो म्हणायला सांगशील, तर हो म्हणेन," माई उठता उठता म्हणाल्या. "तोंड माझं आहे. पण स्वप्न तुझं आहे."

दुसऱ्या दिवशी साहेब पडद्यावर आले. गोड माणूस, दातही सुंदर. माई संमती द्यायला घसा खाकरतात तोच सून बोलली. आवाज कापत होता, पण थांबला नाही.

"सर, आधी माझी एक अट आहे. राखणदारीण प्रत्येकाच्या पहिल्या कॅटमध्ये द्यायची. फुकट. तिचं बळ विकायचं नाही. सोनेरी कड, उडणारे पक्षी विका. मी आणखी दहा रूपं काढून देते. आणि कोणतं पान किती वेळा निघतं, ते पाकिटाच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत लिहा."

"ज्यांनी पैसे मोजून ते पान मिळवलंय ते बोंबलतील."

"त्यांना सोनेरी कड द्या. ती त्यांच्याकडेच राहील."

साहेबांचे दात मिटले. "मग ते मुख्य चित्रकाराचं पद विसरावं लागेल तुम्हाला."



"विसरले," सून म्हणाली.

एवढंच! ना रडणं, ना ओरडणं. सुनेच्या कपाळावरचा घाम माईंना दिसत होता, टेबलाखाली मुठीत आवळलेली पेन्सिल दिसत होती. किल्ल्याच्या दारातली ती बाईसुद्धा इतकी ताठ उभी नव्हती. माईंना वाटलं, आपण उठून उभं राहावं. आणि त्या खरंच उठून उभ्या राहिल्या.

"माझं तोंड पाहिजे ना?" त्या साहेबांना म्हणाल्या. "हिच्या अटीवर घ्या. नाहीतर दुसरी बाई शोधा!"

कंपनीनं बरेच दिवस आढेवेढे घेतले. शेवटी राखणदारीण सगळ्यांच्या हातात आली, पाकिटांवर अक्षरंही आली. बाकी खेळ होता तसाच राहिला. एका पानानं दुनिया बदलत नाही. मुख्य पद दुसऱ्याला गेलं.

नंतर एका दुपारी बारकू दुकानात धावत आला. "ताई, आत्ता एक डाव हरलो! काय खेळली ती समोरची बाई! दोघांकडे तीच पानं, पण तिनं माझी अक्कल चारी मुंड्या चीत केली. हरलो, पण पोटभर हरलो!" खुर्ची अजून मोडकीच होती, तरी त्याचा चेहरा कसा उजळला होता.

मंडळी, खेळ खेळावा, खेळ विकावा, त्यावर पोटही भरावं. पण हार यायची ती नशिबानं यावी, अकलेनं यावी. खिसा रिकामा म्हणून येऊ नये. आणि जो पत्ते वाटतो त्यानंच हुकूम विकायला बसावं, हे ज्या घरात चालतं तिथे आपली पोरंबाळं, भावंडं बसली आहेत का, हे एकदा वाकून बघावं. बघताना आपलं बोटही सांभाळावं!

बारकू गेल्यावर माईंनी सुनेला हाक मारली. ती जिना उतरून आली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तरी माईंनी आवाज कमी केला नाही.

"तुझ्या त्या चित्रात एक चूक आहे गं."

सून दचकली. "कुठे, माई?"

"तोंड माझं काढलंस, हिंमत तुझी घातलीस! मी आपली जन्मभर ओरडत आले. तू एकदाच बोललीस, आणि ऐकावं लागलं त्यांना!"