निकेलच्या पत्र्यावरच्या सात रेघा

मित्रांनो, मी निकेलचा एक जुना पत्रा आहे. पोस्टकार्डाहूनही पातळ. भूगावच्या पुढे, पौड रस्त्याला लागून एक छोटा कारखाना आहे. तिथल्या एका यंत्राशेजारी, खिळ्याला मला टांगून ठेवलं आहे. शाळांच्या सहली येतात तेव्हा मुलं माझ्यासमोर उभी राहतात, मान इकडून तिकडे हलवतात आणि ओरडतात, "हिरवा झाला! आता जांभळा!"

त्यांना गंमत वाटते. पण मला कधी स्वस्थ राहता आलेलंच नाही. खिडकीवरून ढग सरकला तरी माझा रंग बदलतो, कोणी शेजारून गेलं तरी बदलतो. खरं सांगायचं तर माझ्या अंगावर रंगाचा एक थेंबही नाही. आहेत ते नुसते चर. इतके बारीक, की तुमच्या एका केसाच्या जाडीत पन्नास-साठ मावतील. त्यांच्यावर उजेड पडला की तो फुटतो आणि इंद्रधनुष्य दिसतं.

माझा जन्म झाला तो मात्र अगदी निश्चल जागी. कारखान्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत कारखान्याचे मालक जयसिंग साहेब यांनी एक जड टेबल मांडलं होतं. त्याच्यावर वाळू, आणि खाली हवा भरलेल्या ट्यूबा. हेतू हा, की जमिनीचा हादरा वर पोचू नये. काचेच्या एका खास लेप दिलेल्या तुकड्यावर लेसरच्या उजेडानं चांदण्यांची नक्षी उमटवायची होती. पण रस्त्यानं खडीचा एक ट्रक गेला, तरी सगळं बिघडायचं. दोनदा बिघडलं. तिसऱ्या वेळी साहेबांनी रविवार गाठला. त्या दिवशी खडीच्या खाणी बंद होत्या. साहेब म्हणे श्वाससुद्धा धरून उभे होते.

त्या काचेवर चांदीचा पातळ थर चढवला आणि ती निकेलच्या हिरव्यागार द्रावणात बुडवली. वीज सोडली. कणाकणानं निकेल जमत गेलं. काचेवरून ते सोलून काढलं, तो पहिला पत्रा. कारखान्यात त्याला सगळे 'आई' म्हणत. आईला यंत्रावर कधी चढवत नाहीत. तिच्यावरून पुन्हा निकेल जमवून लेकरं काढतात. आम्ही दोघं निघालो, मी आणि माझा धाकटा भाऊ.

ते सत्त्याऐंशी सालचे एप्रिलचे दिवस होते. पुण्याच्या एका कंपनीची रंगीत खडूंची खोकी जूनमध्ये शाळा उघडायच्या आत तयार व्हायची होती. तालुक्यात असलं काम पूर्वी कोणी केलं नव्हतं. मला एका गरम लोखंडी रुळाभोवती गुंडाळलं. समोर रबराचा रूळ. दोघांच्या मधून अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेली चकचकीत फिल्म पळायची. साच्यात करंजी दाबावी तशी ती माझ्यावर दाबली जायची आणि पलीकडे निघायची ती चांदण्या घेऊनच. पुढे ती पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि पुठ्ठ्याची खोकी करायची.

यंत्र वाल्मीक चालवायचा. तो जवळच्याच गावचा, कामाला वाघ, पण घाईचा माणूस. फिल्म जिथं पुन्हा गुंडाळली जायची, त्या टेबलापाशी दोन बायका बसायच्या, चंद्रकला आणि रत्नाबाई. वाहत्या फिल्मवर नजर ठेवून डाग शोधायचा, हे त्यांचं काम. दोघी एकाच डब्यातून जेवायच्या. चंद्रकलेची नजर अशी तेज, की साहेब म्हणायचे, "हिच्यापुढे माझं भिंग फिकं पडतं."

पहिले सहा दिवस माझं फार कौतुक झालं. येणारा जाणारा थांबून बघायचा. मी मात्र फिरत होतो, तापत होतो, आणि मला सारखी धाकधूक होती. कारण खडीच्या ट्रकांची धूळ खिडकीतून आत यायची आणि ती माझ्यावर बसायची.

सातव्या दिवशी दुपारी धुळीचा एक खडा फिल्मबरोबर आला आणि फिल्मच्या वितळलेल्या लेपात अडकून माझ्या अंगाला चिकटला. चंद्रकलेला पलीकडे लगेच ठिपका दिसला. ती उठून यंत्राच्या बाजूला आली.

"वाल्मीकदादा, थांबवा. पत्र्याला कायतरी चिकाटलंय."

"व्हय, बघतो. जा तू जागेवर."

अशा वेळी यंत्र बंद करायचं, रूळ निवू द्यायचा आणि मऊ मलमलीच्या फडक्यानं मला पुसायचं, असा साहेबांचा नियम होता. पण रूळ निवून पुन्हा तापायला अर्धा दिवस जाई. साहेब पुण्याला गेले होते. चंद्रकला पाठ फिरवून जागेकडे निघाली, तोच वाल्मीकनं यंत्र थांबवलं, खण उघडला आणि दातेरी चाकं घासायचा पितळी तारांचा ब्रश काढला.

"एकच हात मारतो," तो स्वतःशीच म्हणाला.

एकच हात मारला त्यानं. खडा निघाला. पण तारांनी माझ्या अंगावरचे चर खरवडून नेले. माझ्या छातीवर सात रेघा उमटल्या. मित्रांनो, मला वेदना झाली की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण रूळ पुन्हा फिरू लागला आणि माझ्या प्रत्येक फेऱ्याला त्या सात रेघा चांदण्यांच्या मधोमध छापल्या जाऊ लागल्या, तेव्हा मला कुठं लपू असं झालं. पलीकडे चंद्रकलेला तो डाग दिसला, पण साहेब येईपर्यंत वाल्मीक यंत्र थांबवेना.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. फिल्मची गुंडाळी उलगडून बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. सगळ्यांना यंत्रापाशी बोलावलं. पंचवीस माणसं होती.

"पत्र्याला कोणी हात लावला?"

वाल्मीकच्या कपाळावर घाम होता. मग तो म्हणाला, "काल ही चंद्रकला ह्या बाजूला आली व्हती. हातात काचंच्या बांगड्या हायेत तिच्या."

"आली होतीस?" साहेबांनी विचारलं.

"आले व्हते. पण सांगायला आले व्हते. म्या हात लावला न्हाई."

"मग सांगितलंस कुणाला?"

"ह्यांनाच की!"

वाल्मीक खाली बघत राहिला. साहेबांची मोठी मेहनत वाया गेली होती, महिना हातातून निसटत होता. त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. "उद्यापासून येऊ नकोस," एवढं म्हणाले आणि वळले. चंद्रकलेनं एकदा सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. कोणीच तिच्याकडे पाहत नव्हतं. ती पिशवी घेऊन निघून गेली.

मला यंत्रावरून उतरवून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. माझ्या जागी धाकट्या भावाला चढवलं. आणखी पत्रे काढायला आईवर पुन्हा निकेल चढवावं लागणार होतं, आणि तेवढे दिवस हातात नव्हते. खिडकी उघडीच होती. ब्रश खणातच होता. काचेच्या दारातून मला यंत्र दिसायचं, भाऊ फिरताना दिसायचा. मी तिथं पडल्या पडल्या नुसता तडफडत होतो. छतावरचा पंखा फिरला की माझे रंग भिंतीवर धावायचे. साहेब कंटाळून माझ्यावर कागद टाकायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. चंद्रकला आत आली. हातात फिल्मच्या पट्टीची गुंडाळी होती. वाया गेलेली फिल्म बायका घरी न्यायच्या, पोरांच्या खेळायला नाहीतर माळा करायला.

"काम मागाया न्हाई आले," ती म्हणाली. "हे बघा म्हणून आले."

तिनं पट्टी टेबलावर उलगडली. "आमच्या बुद्धविहारासमोरच्या अंगणात उन्हात पसरली व्हती काल. दर तीन वितीला त्योच डाग येतोय. म्हंजे डाग पत्र्यावरच हाय."

"ते मलाही माहीत आहे, चंद्रकला."

"ऐका तर. बांगडी लागली तर किती रेघा पडत्यात? एक. लई झालं तर दोन. ह्या मोजा."

साहेबांनी भिंग घेतलं. माझ्यावरचा कागद बाजूला केला. मोजलं. सात. एकीला एक खेटून, सगळ्या सारख्या अंतरावर, एकाच दिशेला.

"तारंच्या घासणीनं पातेलं घासलं की अश्शा रेघा येतात," ती म्हणाली. "रोज बघते मी. हे काचंचं काम न्हाई, तारंचं हाय."

साहेब बराच वेळ भिंगातून डोळा काढेनात. आणि नेमकं त्याच वेळी बाहेर यंत्राचा आवाज थांबला. काचेतून मी पाहिलं. भावाच्या अंगाला पुन्हा खडा चिकटला होता. वाल्मीकनं खण उघडला. ब्रश हातात घेतला. हात वर गेला. माझ्या पत्र्याच्या अंगात जेवढा जीव होता, तेवढा सगळा त्या हाताकडे लागला.

हात तसाच थांबला.

मग वाल्मीक ब्रश घेऊन चालत आमच्याकडे आला. दारात चंद्रकलेला बघून दचकला. तरी आत आला आणि ब्रश टेबलावर ठेवला.

"साहेब, ह्यानं झालंय. म्या केलंय. खडा काढाया गेलो. आत्ता परत तेच करणार व्हतो, पण हात उचलंना माझा."

साहेबांनी ब्रशच्या तारा माझ्या रेघांवर धरल्या. जुळल्या. मग ते वाल्मीककडे न बघता म्हणाले, "यंत्र निवू दे. मलमल घे आणि पूस. खिडकी लाव." आणि चंद्रकलेला म्हणाले, "चूक झाली माझी. उद्यापासून ये."

चंद्रकला जागची हलली नाही.

"साहेब, जा म्हणालात तवा पंचवीस माणसं हुभी व्हती. ये म्हणताना बी तेवढी पायजेत."

साहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते उठले, बाहेर गेले आणि सगळ्यांना यंत्रापाशी गोळा केलं. दार उघडं होतं, मला शब्द न् शब्द ऐकू आला. चंद्रकलेनं पत्र्याला हात लावला नव्हता, उलट तिनंच वेळेवर सांगितलं होतं, आपण नीट न विचारता तिला दोष दिला, असं ते म्हणाले. वाल्मीकनंही सगळ्यांसमोर कबूल केलं. चंद्रकला त्याच घटकेला टेबलापाशी जाऊन बसली. उद्याची वाट तिनं पाहिली नाही.

धाकट्या भावानं पुढचा महिनाभर काम ओढलं. खोकी वेळेवर गेली. कदाचित तुमच्यातल्या एखाद्याच्या ताईनं त्या वर्षी तसलं खोकं उन्हात धरून पाहिलं असेल. हजारो मीटर फिल्म दाबून दाबून भावाचे चर झिजले, चांदण्या पुसट झाल्या आणि त्याला वितळवायला दिलं. ज्यानं सगळं काम केलं तो गेला. मी बिघडलो म्हणून उरलो. नव्या माणसाला यंत्राला हात लावू देण्याआधी माझ्यासमोर उभं करून ह्या रेघा दाखवतात. हे मनाला सारखं टोचत राहतं.

पण त्याहून एक गोष्ट मला जास्त बेचैन करते. मला खिळ्याला टांगलं, त्याच आठवड्यातली आहे ती. जेवणाच्या सुट्टीत रत्नाबाई डबा घेऊन चंद्रकलेपाशी आली आणि उभ्या उभ्या रडायला लागली.

"मला दिसलं व्हतं गं. त्यानं ब्रश काढला तवा मी बघत व्हते."

चंद्रकलेच्या हातातला घास हातातच राहिला.

"वाल्मीक खोटं बोलला, कारण त्याच्यावर येणार व्हतं. तू कशाला गप बसलीस?"

रत्नाबाई डबा घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. पावसाळा संपेपर्यंत दोघी वेगवेगळ्या जेवत होत्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस चंद्रकलेनंच आपलं स्टूल उचललं आणि तिच्या शेजारी नेऊन ठेवलं. पण बोलणं पूर्वीसारखं मोकळं व्हायला फार दिवस गेले.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. माझ्यासारख्या नाजूक वस्तू कडेनं धरा, मऊ कापडानं पुसा, घाई करू नका. आणि वर्गात, घरात, कुठंही एखाद्यावर खोटा आळ येताना तुम्ही पाहिलंत, तर मान खाली घालू नका. त्या दिवशी मीही सगळं पाहिलं होतं. पण मी पत्रा. मला तोंड नव्हतं.

तुम्हाला आहे.