उपाशी सशाची माळ

रावेरच्या निर्मलकुमार शेठच्या ओसरीवर त्या सकाळी चप्पल काढायला जागा नव्हती. आत पाटावर, लाल मखमलीच्या गादीवर, मुठीत मावेल एवढं सशाचं पांढरं पिल्लू बसलं होतं आणि त्याच्यासमोर चांदीच्या ताटलीत त्याच्याच लेंड्या मांडल्या होत्या. सुट्या नव्हे. एकीला एक जोडलेल्या, काळ्या मण्यांसारख्या, आणि मण्यामण्यातून गेलेला बारीक पांढरा नि लाल धागा. चांगले शिकलेसवरलेले लोक वाकून त्या लेंड्यांच्या पाया पडत होते.

“काय चमत्कार शे माय!” दूध घालणाऱ्या प्रमिलाबाई टाचा उंचावत म्हणाल्या. त्यांचं माहेर अमळनेरचं, बोली अजून तिकडचीच. “बठ्ठं गाव उनं शे. मी भी एक मणी लेसू.”

“घ्या की. चहात टाका,” शेठच्या पत्नी कुसुमलताबाई पुटपुटल्या. घर त्यांचं, ससा त्यांच्या नातीचा, पण गेल्या काही दिवसांत त्यांना स्वतःच्या घरात विचारतंय कोण!

पाटाशेजारी झुलाल महाराज बसले होते. जनावरांचा पूर्वजन्म सांगणारे म्हणून त्यांची ख्याती. भगवे कपडे, कपाळावर हातभर टिळा. हेच झुलाल पूर्वी यावलच्या बाजारात उंदीर मारायचं औषध विकायचे. आवाज तेव्हाचाच होता, फक्त माल बदलला होता.

“नीट बघा, शेठजी, त्याच्या डोळ्यांत बघा!” ते गरजले. “हा ससा नाही! पर्युषणात जिची अठाई अर्धी राहिली, ती तुमची माउली आहे! राहिलेला उपास पुरा करायला परत आली! माळ कुणी शिकवली या जनावराला? मी शिकवली? तुम्ही शिकवली? अमेरिकेत यावर अभ्यास चालू आहे, बंधूंनो!”

महाराजांनी समोरच्या कापराच्या वाटीत बोटं घोळवली, हात जोडले, मग केळ्याची चकती उचलून सशाच्या नाकाशी नेली. पिल्लाने मान फिरवली. दुसऱ्या बाजूने नेली, तिकडूनही फिरवली. “नको म्हणते! माउली नको म्हणते!” गर्दी हुंदके देऊ लागली. निर्मलकुमार शेठनी तर भिंतीवरच्या आईच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून डोळे पुसले.

कुसुमलताबाई फोटोकडे बघत नव्हत्या. अठाई म्हणजे जैनांच्या पर्युषणात आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहायचं. तसल्या अठाईतही सासूबाई कोठीत शिरून बुंदीचे लाडू खायच्या आणि तोंड पुसून बाहेर यायच्या. ही गोष्ट साऱ्या घरात एकट्या कुसुमलताबाईंना ठाऊक होती, कारण लाडू त्याच वळून ठेवायच्या. सासूबाई गेल्या त्या साखरेने. घराण्याची अब्रू म्हणून ही गोष्ट त्यांनी आजवर ओठाबाहेर काढली नव्हती.

ससा घरात आला तो पर्युषणाच्या तोंडावर. तरुणने, म्हणजे त्यांच्या मुलाने, तो भुसावळच्या बाजारातून रिद्धीसाठी आणला. आईपासून नुकताच तोडलेला, धड कान उभे न राहिलेला. रिद्धी तिसरीत. तिने त्याचं नाव ठेवलं मखाणा आणि त्याच दिवशी अंगणातलं हिरवं गवत उपटून आणलं.

“घरात हिरवं नको,” कुसुमलताबाईंनी तिला दारातच थांबवलं. पर्युषणात या घरात पालेभाजीचं पानसुद्धा चिरत नाहीत. पिकलेलं केळं मात्र चालतं, आणि रावेरात केळ्याला काय तोटा! मखाण्याला केळं मिळालं. सकाळी केळं, संध्याकाळी केळं, मध्ये खाकऱ्याचा चुरा. बसायला कुसुमलताबाईंनी आपलं सामायिकाचं जुनं लोकरी आसन दिलं, पांढरं, लाल काठाचं. त्यावर बसून त्यांनी वर्षानुवर्षं जप केला होता. पिल्लाला ऊब मिळेल असं त्यांना मनापासून वाटलं.

दोन दिवसांत त्याला हगवण लागली. सून रूपल पुसून पुसून थकली. “मम्मीजी, डॉक्टरांना दाखवू या का?” तिने विचारलं. “कशाला? केळ्याने पोट बांधतं,” कुसुमलताबाई म्हणाल्या आणि केळं वाढवलं. पोट खरंच बांधलं गेलं. एके सकाळी आसनावर ती माळ सापडली, आणि त्याच दिवसापासून मखाण्याने खाणं टाकलं. निर्मलकुमार शेठनी माळेपुढे हात जोडले. दुपारपर्यंत झुलाल महाराज दारात हजर होते.

महाराजांनी फर्मान काढलं: सशाला कुणी खायला घालायचं नाही. घालील त्याला व्रतभंगाचं पाप. मध्येच त्यांनी शेठच्या रस्त्यालगतच्या गोदामाकडे बघून ‘शशकधामाला जागा झकास आहे’ असंही म्हणून ठेवलं.

“दादी, त्याचं पोट बघ ना, कसं टम्म झालंय,” रिद्धी पदर ओढत म्हणायची. “तो दात खातो गं. कर्र कर्र वाजतात. त्याला दुखतंय.”

“दादाजींना सांग,” कुसुमलताबाई म्हणायच्या. भित्र्या होत्या म्हणून नव्हे. नवऱ्याच्या आईला खोटी ठरवायची हिंमत त्यांना होत नव्हती. पिल्लू मरत होतं आणि त्या अब्रू सांभाळत होत्या.

पण आज महाराजांनी बोटं वाटीत घोळवली आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कापूर! लोकरीच्या कपड्यांत किडा येऊ नये म्हणून त्या स्वतःच कपाटात कापूर ठेवायच्या. त्या वासाने मुंगी फिरकत नाही, आणि हा माणूस तोच वास सशाच्या नाकाला लावून ‘नको म्हणते’ म्हणत होता.

त्यांनी रिद्धीचा हात धरला, मोरीवर नेऊन साबणाने धुतला. गोदामात केळीच्या गाडीत अंथरायचं वाळलेलं गवत पडलेलं असतं, त्यातली एक काडी तिच्या हातात दिली. “जा. दे त्याला.”

रिद्धी गर्दीतून वाकत वाकत गेली. मखाण्याने काडी हुंगली. मग ओठ हलले. पुढचे दोन दात दिसले. काडी बोटभर आत गेली.

“व्रत मोडलं!” कुणीतरी किंचाळलं. आणि मग सगळेच. बायका रिद्धीच्या अंगावर ओरडल्या. एकीने तिच्या पाठीत धपाटा घातला. झुलाल महाराज उठून उभे राहिले, बोट रिद्धीवर रोखून म्हणाले, “आता जे होईल ते या पोरीच्या माथी!”

काडीने आता काय होणार होतं! आतडं केव्हाच थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मखाणा मान टाकून पडलेला सापडला, पाय ताणलेले, पोट दगड.

“पोरीनं पणजीला मारलं” हे वाक्य न्याहारीच्या आत गल्लीभर झालं. दादाजी रिद्धीशी बोलेनात. शाळेच्या रिक्षातल्या मुलांनी तिला शेजारी बसू दिलं नाही, ती घरी परत आली. दुपारी रूपलने ताट वाढलं, तर तिने मान फिरवली. संध्याकाळीही तेच. हुबेहूब मखाण्यासारखी.

झुलाल महाराजांना ही बातमी कळायचाच अवकाश. सकाळी ते शिष्यांसह ओसरीवर आले आणि नेहमीसारखी कापरात बोटं घोळवून, हात आभाळाकडे करून म्हणाले, “जय हो! माउलीचं राहिलेलं व्रत पणतीत उतरलं! हिला कुणी खाण्याचा आग्रह करायचा नाही!”

लोकांनी पुन्हा डोळे पुसले. आत एक पोर भुकेने भिंतीला टेकून बसली होती आणि बाहेर तिच्या नावाचा जयजयकार चालला होता. आता मात्र कुसुमलताबाईंनी घराण्याची अब्रू चुलीत घातली.

त्यांनी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टर दिपमालाताईंना बोलावून आणलं. मेलेलं पिल्लू, समाधीसाठी फुलांत ठेवलेलं, उचलून ओसरीवरच्या टेबलावर ठेवलं. “ताई, इथेच उघडा. सगळ्यांसमोर.”

“जैनांच्या घरात चिरफाड?” महाराज ओरडले. “हिंसा!”

“जिवंत होतं तेव्हा उपाशी ठेवलंत, ती काय होती?” कुसुमलताबाई म्हणाल्या. “उपास म्हणजे स्वतः घेतलेला नेम, पच्चखाण. खाऊ का नको, हे ज्याला सांगताच येत नाही, त्याचा उपास नसतो. त्याची उपासमार असते.”

चाकू फिरला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, पण जागचं पाऊल हलवलं नाही. घाण वास सुटला. लोक नाकाला रुमाल लावून मागे सरले, पण गेलं कुणीच नाही.

“हे बघा,” डॉक्टर म्हणाल्या. चिमट्यात एक काळपट बोळा होता. “केळ्याचा चिकटा आणि त्यात लोकर. सशाचं आतडं गवतावर चालतं. गवत नाही मिळालं तर ते मंदावतं, थांबतं. केळ्याची साखर आत आंबते, पोट फुगतं, कळा येतात, मग खाणं बंद. हा उपास नव्हे, आजार. आणि चघळायला गवत नव्हतं म्हणून ते अंथरूण चघळत होतं. लोकर पचत नाही, तिच्यात लेंड्या ओवल्या जातात. अशी माळ दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.”

कुसुमलताबाईंनी आतून आसन आणलं आणि सगळ्यांसमोर झटकलं. एक कोपरा पार कुरतडलेला होता. लाल काठाचे धागे लोंबत होते, ताटलीतल्या माळेत होते तेच. पोटातल्या गॅसवर उपाय म्हणून एक मणी पाण्याबरोबर गिळलेले आणि ‘गुण आला’ म्हणून गावभर सांगत सुटलेले शेजारचे एक शेठ मोरीकडे पळाले. त्यांच्या ओकण्याचा आवाज सगळ्यांनी शांतपणे ऐकला.

महाराज चपला शोधू लागले. “थांबा,” म्हणत कुसुमलताबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि नवऱ्याच्या नाकाशी नेलं. “घ्या वास. तुमची आई नको म्हणत नव्हती. कापूर कोणताच ससा खात नाही.”

“पण बाईची अठाई...” निर्मलकुमार शेठ पुटपुटले. आईला ते ‘बाई’ म्हणत.

“बाईंनी उभ्या जन्मात एक अठाई केली नाही. लाडू मी वळायचे, त्या कोठीत खायच्या. त्या कशाला परत येतील उपास करायला? आल्या असत्या तर आधी डबा उघडला असता.”

शेठ खांबाला धरून खाली बसले. त्यांना कुणी उठवलं नाही. प्रमिलाबाईंनी पदराच्या गाठीतला मणी काढून गटारात टाकला आणि हात घासघासून धुतला. झुलाल महाराज एकाच चपलेवर कोपऱ्यापर्यंत गेले, तिथून पळाले.

कुसुमलताबाई मुगाची खिचडी घेऊन आत गेल्या. रिद्धी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“तू नाही मारलंस त्याला,” त्या म्हणाल्या. “मी मारलं. हिरवं नको म्हणाले, ते एक. पण वाळलेलं गवत दिलं असतं तर माझा नियमही मोडला नसता आणि तोही वाचला असता. गोदामात ढीग पडला होता. मी कुणाला विचारलंच नाही. मला वाटलं, मला सगळं माहीत आहे.”

रिद्धी उठून बसली. त्यांनी घास पुढे केला. तिने तोंड उघडलं नाही. आधी दादीचं मनगट धरलं, बोटं नाकाशी नेली आणि एकेक बोट हुंगून पाहिलं.

कुसुमलताबाईंनी हात मागे घेतला नाही.

“हुंग,” त्या म्हणाल्या. “कुणीही काही भरवू लागलं, सांगू लागलं, की आधी असंच हुंगून बघायचं. महाराज असो, डॉक्टर असो, दादाजी असो. आणि माझा हात तर रोज.”

रिद्धीने घास घेतला.