भरवशाची बाई

"जहाजात बसायचं ह्यांनी, अन् उन्हातान्हात गाडी पिदडायची आम्ही."

हवालदार भुजंगराव हे स्वतःशीच पुटपुटले होते, ओट्याशी वाकून बुटाची नाडी सोडता सोडता. पण दाराआड पाण्याचा तांब्या घेऊन बेबीनंदा उभी होती, आणि तिचे गुडघे गेले असले तरी कान शाबूत होते.

"तुमी बी चला की साहेब. लई जागा ऱ्हाते जहाजात," ती म्हणाली आणि तांब्या पुढं केला.

भुजंगराव चपापले. मग मिशीतल्या मिशीत हसले आणि घटाघटा पाणी प्याले.

"आई, साहेबांशी थट्टा नको," असा आवाज मोबाइलमधून आला. मोबाइल ज्वारीच्या पत्र्याच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यात बुद्धभूषणचं, तिच्या मुलाचं तोंड दिसत होतं. तो राहायला फ्लोरिडात. तिकडं मध्यरात्र उलटलेली, तरी गडी इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. जणू चौकशी त्याचीच होती.

एका परीनं होतीच.

दोन वर्षांमागं बेबीनंदा आणि तिचा नवरा तातेराव नातीला बघायला पहिल्यांदा अमेरिकेला गेले, तेव्हा बुद्धभूषणनं सगळ्यांना जहाजातून फिरवून आणलं. जहाज म्हणजे काय, जाफराबादचा अख्खा बाजार उचलून पाण्यावर ठेवावा एवढं. आत खाण्यापिण्याची नुसती चंगळ. बेबीनंदाच्या जिभेला त्यातलं काही रुचेना, म्हणून ती पिशवीतून घरी वाळवलेल्या बाजरीच्या खारोड्या काढायची आणि समुद्राकडं तोंड करून शेंगदाण्यासोबत कुरुकुरु खायची. फिरणं झकास झालं. घोळ झाला तो जहाज परत बंदराला लागल्यावर.

उतरणाऱ्या हजारो माणसांचे पासपोर्ट आणि सामान तपासायचं, त्याची ही लांब रांग. आणि रांगेला लागूनच दुसरी एक वाट, मोकळी. ज्यांची तिथल्या सरकारनं आधीच चौकशी करून ठेवलेली असते, त्या भरवशाच्या प्रवाशांनी त्या वाटेनं जायचं. यंत्राला तोंड दाखवायचं की झालं, चालले बाहेर. बुद्धभूषण, त्याची बायको ज्योत्स्ना आणि पोर अक्षता त्या वाटेचे. म्हातारा-म्हातारी रांगेतले. ज्योत्स्ना पोरीला घेऊन पाच मिनिटांत पार झाली. बुद्धभूषण आईबापाजवळ थांबला खरा, पण रांग जरा सरकली की घड्याळ बघायचा. त्यात शेवटी टेबलावर पिशवी उघडली, तर खारोड्या निघाल्या. गोऱ्या साहेबानं एक उचलली, नाकाशी नेली, उजेडात धरली. बुद्धभूषण इंग्रजीतून समजावत राहिला आणि त्याचे कान लाल होत गेले. मग बेबीनंदानंच साहेबाच्या हातातली खारोडी काढून घेतली आणि त्याच्यादेखत कडाकडा चावून खाल्ली. साहेब हसला. मुलगा हसला नाही.

"पुढच्या टायमाला आई माझ्या बरोबरीनं बाहेर येईल," असं त्यानं तेव्हाच ठरवलं. आता दिवाळीला पुन्हा जहाज ठरलं होतं. तातेरावांना डॉक्टरनं लांबचा प्रवास बंद केलेला, म्हणजे बेबीनंदा एकटीच जाणार. तिच्यासाठी मुलानं भरवशाच्या वाटेचा अर्ज केला. त्या अर्जासाठी इथल्या पोलिसांनी घरी येऊन, शेजारीपाजारी विचारून खात्री करायची असते. ती खात्री आज ओट्यावर चढून खुर्चीत बसली होती.

"नाव?"

"बेबीनंदा तातेराव वाकळे."

"काय करता मावशी?"

"काय करू? जन्मभर शेत केलं. आता गुडघे धरून बसून राह्यले."

"भांडण-तंटा, पोलीस ठाणं, कोर्टकचेरी असलं काही?"

"बिलकुल न्हाई," तातेराव खाटेवरून एवढ्या जल्दी बोलले की भुजंगरावांचा प्रश्न अजून हवेतच होता. मोबाइलमधल्या तोंडानंही मान हलवली. बेबीनंदानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

घरात त्या गोष्टीला नाव नव्हतं. 'तेव्हाचं ते' एवढंच म्हणायचे. तेव्हा म्हणजे बुद्धभूषण अंगावर पीत होता तेव्हा. गावाच्या वरच्या अंगाला गायरान होतं. चार तुकडे बौद्धवाड्यातल्या लोकांनी दगड वेचून वहितीला आणलेले, उरलेल्यावर धनगरांची मेंढरं. एक दिवस खडीची खाण काढायला म्हणून मशीन आलं. बेबीनंदा त्याच्यापुढं जाऊन बसली. तिच्यामागं बाकीचे बसले. बाचाबाची सुरू असताना कुठून तरी गोफणीचा दगड आला आणि मशीनची काच खळ्ळकन खाली. पोलिसांनी सगळ्यात पुढच्या बाईला उचललं. दगड कुणाचा, ते विचारलं. पुन्हा विचारलं. आणि बेबीनंदा जेलात गेली. पुढं केस मोडली, मशीनही फिरकलं नाही, तुकडे राहिले. त्यातल्याच एका तुकड्याच्या कापसावर बुद्धभूषण इंजिनिअर झाला.

पण तातेराव शाळेत शिपाई. नोकरीला धक्का नको म्हणून त्यांनी विषय मिटवला. मग पोराच्या कॉलेजात कळायला नको, मग सोयरिकीत नको, मग व्हिसाला नको. असं करत करत एका बाईच्या आयुष्यातली ठळक गोष्ट घरातल्या घरात पार पुसून निघाली. आणि आठ दिवस झाले, मुलगा फोनवर रोज तेच घोकून घेत होता. "आई, तेव्हाचं ते काढायचं नाही. नाहीतर अर्ज तर जाईलच, पुढं व्हिसाचेही वांधे होतील. अक्षता तुझी वाट बघतीय."

अक्षताचं नाव निघालं की बेबीनंदा मऊ व्हायची. तिनं कबूल केलं होतं.

"आता दोन शेजारी बोलवा," भुजंगराव म्हणाले.

तातेरावांनी दोघांना आधीच सांगून ठेवलेलं. पहिला कडूबा, किराणावाला. तो हात पुसत आला, हवालदाराला नमस्कार घातला आणि कुणी विचारायच्या आधीच सुटला.

"साहेब, अक्का म्हंजी निव्वळ गाय. कवा कुनाला उलटून बोलली न्हाई. कवा उंबरा ओलांडला न्हाई. खाली मान घालून जायचं, खाली मान घालून यायचं."

बेबीनंदा चुलीपाशी चहा गाळत होती. गाळणी तिच्या हातात तशीच राहिली. ह्याच कडूबाच्या दुकानात साखर कमी भरली म्हणून तिनं तराजू उचलून रस्त्यावर मांडला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून बोलावून दाखवला होता. ह्याच कडूबाचा बाप गायरानात तिच्या मागं बसला होता. अन् हा म्हणतो, गाय.

"कुना पुरुषाच्या म्होरं आवाज चढवला न्हाई," कडूबा रंगात आला होता. "आमच्या गल्लीत तर कुनाला ठावं बी न्हाई, ह्या घरात बाई हाय का न्हाई."

"वा," भुजंगराव लिहीत म्हणाले.

"थँक्यू, कडूबाकाका," मोबाइल म्हणाला.

तातेरावांच्या तोंडावर समाधान पसरलं. बेबीनंदानं चहाचे कप आणून ठेवले. कडूबाचा कप जरा जोरात ठेवला गेला, बशीत चहा सांडला.

"साखर बराबर हाय का बघ," ती त्याला म्हणाली. "कमी असंल तर सांग. मी कुनाला बोलत न्हाई, पर सांग."

कडूबानं बशीत तोंड खुपसलं.

"आता दुसरा माणूस?" भुजंगरावांनी विचारलं.

दुसरे कल्याण गुरुजी यायचे होते. त्यांच्यासाठी वेगळी खुर्चीही आणून ठेवली होती. तातेरावांनी फोन लावला तर गुरुजी परतूरला, कुणाच्या तरी साखरपुड्यात, जेवणाच्या पंगतीत.

"संध्याकाळपस्तोर येतेत म्हणं," तातेराव ओशाळून म्हणाले.

"संध्याकाळी मी थोडाच येतो परत? कुणीही चालेल हो. समोरचा कुणी बोलवा."

समोरच्या लिंबाखाली शेजारची धनगराची आसराबाई आपली शेळी सोडवत होती. डोक्यावरचा पदर उन्हानं विटलेला, पाठीत वाकलेली. तातेरावांनी तिला बघितलं आणि मुद्दाम दुसरीकडं तोंड केलं. "भीमनगरातून कुनाला तरी आनतो," म्हणत ते चपला शोधायला लागले.

"आसरे!" बेबीनंदानं ओट्यावरून हाक मारली. "ये इकडं. पोलीस आलेत."

"आगं," तातेराव दबक्या आवाजात म्हणाले, "तिला कशाला? तिला काय समजतंय त्यातलं?"

"साहेबच म्हणले की, कोनी बी चालंल."

"आई, कोण आहे? कोणाला बोलावलंस?" मोबाइल अस्वस्थ झाला.

आसराबाई आली. शेळी ओट्याच्या खुंटीला बांधली आणि खाली पायरीवरच टेकली. मोबाइलमधल्या तोंडाकडं तिनं डोळे बारीक करून बघितलं.

"भूषण्या हाय का रे त्यो? गालफाडं बसली त्याची. काही खातो का न्हाई?"

"आजी," भुजंगराव म्हणाले, "ह्या बेबीनंदाबाई परदेशात जाऊन राहिल्यात. ह्यांना ओळखता?"

"मी हिला न्हाई वळखनार तर मंग कोन?"

"तिकडच्या सरकारला विचारायचंय, ही बाई भरवशाची आहे का? म्हणजे हिच्यावर विश्वास ठेवता येतो का? हो म्हणा, अंगठा करा, झालं."

"फक्त हो म्हण," तातेराव म्हणाले. "दुसरं काही न्हाई. हो म्हण, आसराबाई."

आसराबाईनं तातेरावांकडं बघितलं. मग बेबीनंदाकडं. बेबीनंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिनं खाली मान घातलेली नव्हती.

"भरवशाची हाय का?" आसराबाई म्हणाली. आधी तिला हसू आलं, बिनदाताचं, मोकळं. "अन् हे पोलीस इचारून राह्यलेत?"

"आसराबाई," तातेराव म्हणाले.

"थांबा हो दाजी. हिची गोष्ट निघाली, मला बोलू द्या. साहेब, गायरानात मशीन आल्तं. तुमी तवा नव्हतात, तुमी असाल शाळंत. त्या मशीनची काच फुटली. दगड गोफणीचा होता. आता तुमी सांगा, अख्ख्या गावात असा नेमका दगड कोन मारीत होतं? माझा धनी. गोरक्षनाथानं मारलता त्यो दगड. हिच्या कानाजवळून गेल्ता, हिनं मागं वळून त्याला बघितलता."

कडूबा उठायला लागला. शेळीनं दोर ताणून त्याची वाट अडवली, तो परत बसला.

"तुमच्यावाल्यांनी हिला नेलं. कोन, कोन म्हणून इचारलं. ही म्हनली, माझ्या डोळ्यात धूळ गेल्ती. जेलात टाकली तरी धूळच गेल्ती. माझी दोन लेकरं बारकी, धनी जेलात गेला असता तर मेंढरं इकून खाल्ली असती आमी. अन् हिचं पोरगं," तिनं मोबाइलकडं बोट केलं, "ह्यो भूषण्या, दुधासाठी रडून रडून निळा पडायचा. माझ्या अंगनात वाढला, ही येईस्तोर. शेळीच्या दुधावर. तवा बी हिनं नाव घेतलं न्हाई. धनी मरून गेला, त्याच्या मागं बी न्हाई. माझ्याजवळ सुदिक कवा काढलं न्हाई हिनं, साहेब, का आसरे, तुझ्यापायी मी जेलात गेल्ते."

ती दम खायला थांबली. पदरानं तोंड पुसलं.

"आता लिव्हा, भरवशाची हाय का न्हाई."

तातेरावांना वाटलं, फोन बंद पडला. त्यांनी वाकून बघितलं तर बुद्धभूषण होता. शर्टाची कॉलर सैल करून, पडद्याच्या अगदी जवळ येऊन तो त्या पायरीवरच्या म्हातारीकडं बघत होता.

भुजंगरावांनी पेन वर धरलं होतं. त्यांनी एकदा कागदाकडं बघितलं, एकदा बाहेर लावलेल्या मोटारसायकलकडं.

"मावशी," ते हळू आवाजात म्हणाले, "उन्हात फिरून फिरून माझेही कान बसलेत. मी हे ऐकलं नाही, असंही होऊ शकतं."

"आई…" मोबाइल म्हणाला.

बेबीनंदा चौकटीपासून सुटली. कल्याण गुरुजींसाठी मांडलेली खुर्ची तिनं उचलली, गुडघ्याला कळ आली तरी उचलली, आणि पायरीपाशी नेऊन ठेवली.

"वर बस, आसरे."

आसराबाई खुर्चीत बसेपर्यंत ती थांबली. मग हवालदाराकडं वळली.

"लिहा साहेब. जेलात गेल्ते मी. गायरानासाठी गेल्ते, अन् परत येळ आली तर परत जाईन." मग ती मोबाइलपुढं वाकली आणि लेकाला म्हणाली, "रांग लांब ऱ्हाते ना तिकडं? ऱ्हाऊ दे. उभी राहीन मी. तू पोरीला घेऊन हो म्होरं. खारोड्या हायेत माझ्याजवळ."