वहिनींची पैठणी आणि ॲसिडचा ओघळ

शनिवारी पद्मजा मुलुंडच्या कॉलेजात वहिनींची पैठणी नेसून आली, कारण तिथूनच तिला चेंबूरला भाच्याच्या साखरपुड्याला जायचं होतं. प्रयोगशाळेत ती आणि तिची सहशिक्षिका अनुपमा सोमवारच्या प्रॅक्टिकलची तयारी करत होत्या. पद्मजाने गॉगल चढवला, हातमोजे घातले, ॲप्रन मात्र खुंटीवरच राहू दिला. निऱ्या चुरगळल्या असत्या ना!

सल्फ्युरिक ॲसिड हळूहळू पाण्यात ओतून झालं आणि खाली ठेवताना बाटलीच्या तोंडावरचा ओघळ थेट निऱ्यांवर उतरला.

“साडी सोड!” अनुपमा ओरडली.

“अगं, वहिनींची आहे! नुसती धुते.”

“साडी वहिनींची, पण मांडी तुझीच ना? सोड आधी!”

अंगावर ॲसिड सांडलं तर कपडा लगेच काढा, लाजू नका, असं पद्मजा दरवर्षी मुलांना बजावायची. आता तिचाच हात पिनेवर अडला. मग मांडीला चटका बसला आणि पैठणी जमिनीवर आली. अनुपमाने दार लावून तिला प्रयोगशाळेतल्या आपत्कालीन शॉवरखाली उभं केलं आणि चांगला पाव तास हलू दिलं नाही. कातडी जरा लाल झाली, एवढंच. पैठणीला मात्र मुठीएवढं भोक पडलं होतं.

फोन करणं भागच होतं.

“वहिनी, माझ्यावर ॲसिड सांडलं. तुमच्या पैठणीची वाट लागली.”

“तुला भाजलं का गं?”

“थोडं लाल झालंय, बस.”

डॉक्टरांना दाखवूनच ये, असं वहिनींनी दटावलं आणि मग त्या हमसून हमसून रडू लागल्या. पैठणीसाठी की आपल्यासाठी, हे पद्मजाने विचारलं नाही.