फ्रीजचा मधला कप्पा

जिंतूरला ईश्वरअप्पांचं गुरांच्या औषधांचं दुकान. दुकान पुढं, घर मागं आणि मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडं अप्पांचं राज्य, पलीकडं मल्लम्माचं. दुकानात गिऱ्हाईकाच्या तोंडासमोरच मोठ्या अक्षरात पाटी होती: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' स्वभावानंही अप्पा तसेच. एकदा बोललेला शब्द परत घेत नसत. राग मात्र दुधासारखा, बघता बघता वर. उतरायचाही लगेच, पण तोवर चूल विझलेली आणि ओटा बरबटलेला. म्हणून मल्लम्मानं सगळ्या संसारात एकच धोरण धरलं होतं. जे सांगितल्यावाचून भागतंय, ते ह्या माणसाला सांगायचं नाही.

त्या रविवारी संध्याकाळी हे धोरण तिच्या चांगलंच अंगाशी आलं.

त्याचं असं झालं. अप्पांची लेक शिवरंजनी, म्हणजे घरातली रंजू, पूर्णेला बँकेत साहेब होती. चौतिशी गाठलेली. लग्न जमलं नव्हतं आणि केवळ वय झालं म्हणून कुणाच्याही गळ्यात माळ घालायची तिची तयारी नव्हती. पण मल्लम्माच्या थोरल्या बहिणीची पाळी अडतिसाव्या वर्षीच गेली होती. घराण्यातली ही गोष्ट रंजूच्या डोक्यात बसली. परभणीच्या डॉक्टर मॅडमकडं जाऊन तिनं तपासण्या केल्या, तर मॅडम म्हणाल्या, तुझा बीजाचा साठाही लवकर उतरणीला लागलाय. पुढं लेकरू हवं वाटलं तर आत्ताच बीज काढून गोठवून ठेव. लग्न होईल तेव्हा होईल, बीज तरी आजच्या वयाचं राहील.

रंजूनं रजा टाकली आणि घरी आली. रोज संध्याकाळी स्वतःच पोटाची चिमूट धरायची आणि सुई टोचून घ्यायची. मल्लम्मा शेजारी डोळे गच्च मिटून "शिव शिव" करत बसायची आणि लेकीच्या आधी स्वतःच "आई गं" म्हणायची. पोट फुगलं, कमरेचा नाडा सैल करावा लागला, पोरगी उगाच ह्याच्यावर त्याच्यावर खेकसायला लागली. अप्पांनी एकदा विचारलं, तर मल्लम्मानं सांगून टाकलं, "बाईमाणसाचं हाय काहीतरी." एवढं म्हटलं की बाप्यामाणूस पडद्यापलीकडं पळतो, हे तिला पक्कं ठाऊक.

आता उरलं होतं शेवटचं इंजेक्शन. सगळ्यात महत्त्वाचं तेच. ते घेतल्यावर बीज पिकून काढण्याजोगं होतं, म्हणून त्याची वेळ मॅडमनी नेमून दिली होती, रविवारी रात्री नऊ. ते चुकलं तर आजवरच्या सगळ्या सुया पाण्यात. आणि नेमका शनिवारी घरचा फ्रीज बसला. मिस्त्री म्हणाला, उद्या येतो. मिस्त्र्याचं 'उद्या' म्हणजे काय ते जिंतूरकरांना सांगायला नको. मल्लम्मानं मग अप्पा पूजेला बसलेले बघून त्या इंजेक्शनची डबी पिशवीत गुंडाळली आणि दुकानातल्या फ्रीजमध्ये लसींच्या मागं सारून दिली. एका रात्रीचा तर प्रश्न.

रविवारी संध्याकाळी ती डबी काढायला गेली, तर डबी गायब.

"अहो," ती जमेल तेवढ्या साध्या आवाजात म्हणाली, "फ्रीजमधी एक पिशवी होती."

"होती. फेकून दिली. फ्रीजमधी पिशव्या कोंबू नका म्हणून हजारदा सांगितलं मी."

"अन् पिशवीतलं?"

"एचसीजीच्या इंजेक्शनची डबी व्हती. मागवलेला माल आला अन् तू घेऊन ठेवला असशील, म्हणलं. लय बरं झालं बघ. येलदरीचे किशनराव आले होते दुपारी. म्हैस सारखी उलटायलीय त्यांची, गाभच धरंना. चिठ्ठीवर हेच लिहिलेलं, अन् आपल्याकडचं कालच संपलं व्हतं. दिलं लावून." अप्पा खुशीत होते. "माणसाच्या कंपनीचं व्हतं, पण आत औषध तेच की."

मल्लम्मानं काउंटर धरला. "अहो, ती डबी रंजूची हाय."

"रंजूची? बँकेत म्हशी पाळायलेत का आता?"

इतके दिवस मल्लम्मानं मनात जुळवून ठेवलेली गोड गोड वाक्यं ऐन वेळी कुठं गडप झाली देव जाणे. पडदा सरकला आणि रंजूच बाहेर आली. तिनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मावशीचं, साठ्याचं, गोठवायचं, नऊच्या इंजेक्शनचं. "परभणीच्या दवाखान्यातलं मेडिकल रविवारचं दुपारीच बंद होतं, अप्पा. गावात सगळीकडं फोन केले मी आत्ता. कुणाकडंच न्हाई."

मल्लम्मानं ओळखलं. आता दूध वर येणार. लोक काय म्हणतील, ह्या वयात हे काय नसतं खूळ, आधी लग्न करा मग लेकरांचं बोला... एक एक वाक्य तिला आधीच ऐकू यायला लागलं.

अप्पांनी लेकीकडं बघितलं. मग त्यांनी पाटीकडं बघितलं. मग म्हणाले, "थंड ठेवलं असंल का त्येनं?"

"काय?"

"डबी, डबी! फ्रीज नसंल तर ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाला टेकवून ठेवा, असं सांगितलं व्हतं मी." बोलता बोलता त्यांनी किशनरावांना फोन लावला. फोन क्षेत्राबाहेर. धरणाकडं गेलं की त्या गावात फोनलाही पोहायला जावंसं वाटतं. अप्पांनी खाडकन शटर ओढलं. "बसा गाडीत."

गाडी म्हणजे जुनी ओम्नी, मागं पेंडीची पोती. रंजू पुढं, मल्लम्मा पोत्यांच्या शेजारी. गाव सुटलं. मग अप्पाच म्हणाले, "गोठवून म्हणजे ते नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात तसं?"

रंजू चकितच झाली. "हो. तुमाला कसं माहीत?"

"घ्या! कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्याच टाकीत तर असतात. वर्षानुवर्षं टिकतात. आपल्या दुकानासमोर टाकी भरून घेतात पोरं."

मल्लम्मानं कपाळावर हात मारला. जे समजावायला आपण महिनाभर शब्द शोधत होतो, ते ह्या माणसाला एका दमात कळलं, आणि तेही म्हशीवरून!

"अप्पा," रंजू फणकारली, "मी म्हैस न्हाई."

"म्हैस बरी! तिचं काही दुखलं-खुपलं तर हंबरून सांगते तरी. तुमी दोघी तोंडाला कुलूप घालून बसल्या." आता आलं दूध वर, म्हणून मल्लम्मानं पोतं घट्ट धरलं. पण अप्पांचा आवाज चढायच्या ऐवजी चिरकला. "दिवसाआड दवाखान्यात जायलाव. पोरीचं पोट सुजलेलं, तोंड उतरलेलं. मी विचारलं की बाईमाणसाचं हाय. मला वाटलं, पोरीला काही भलतंच झालं अन् माझ्यापासून लपवायलेत. सकाळी पूजेत इष्टलिंग तळहातावर घेतलं की मंतर आठवंना मला. तेवढंच एक मागत व्हतो, माझ्या लेकीला वाचव."

मल्लम्माला एकदम आठवलं. हल्ली पूजा लांबत होती. ती मनात म्हणायची, म्हातारपणी भक्ती वाढली वाटतं. तिला आपलीच लाज वाटली. रंजूनं बापाच्या हातावर हात ठेवला, तर ते म्हणाले, "गिअर टाकू दे."

येलदरी जवळ आली तशी मल्लम्मा पुढं वाकली. इज्जतीचा मामला होता, आणि तोड तिनं वाटेतच काढून ठेवली होती. "अहो, किशनरावाला खरं सांगू नका बरं का. म्हणा, डबीची तारीख संपलेली व्हती, बदलून देतो. लोकांना कशाला आपल्या घरातलं."

अप्पांनी हुंकार भरला. तो होकार की नकार, ते काही कळलं नाही.

किशनरावांच्या घरी त्यांच्या सुनेनं सांगितलं, सगळे पाण्याकडं गेलेत. गाडी तशीच धरणाच्या काठाला. तिथं जत्रा जमलेली. किशनराव धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे, त्यांची बायको बायनाबाई काठावरून म्हशीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायलेली, जनावरांना सुई टोचणारा माऊली आपल्या नायट्रोजनच्या टाकीवर बसून तंबाखू मळायलेला, आणि आठ-दहा रिकामटेकडे ज्याला त्याला सल्ला द्यायलेले. म्हैस मात्र खोल पाण्यात, वर फक्त नाक आणि शिंगं. सुईची चाहूल लागली तशी दावं तोडून पाण्यात घुसली होती आणि दुपारपासून कुणालाही भीक घालत नव्हती.

"डबी कुठाय?" गाडीतनं उतरता उतरताच अप्पा ओरडले.

माऊलीनं ओल्या फडक्यातली डबी वर करून दाखवली. सीलबंद. मल्लम्मानं मनातल्या मनात त्या म्हशीला दंडवत घातला.

"शरणार्थ किशनराव. ती डबी मला परत पायजे."

"राम राम अप्पा! परत?" किशनराव पाण्यातून म्हणाले. "तुमच्या पाटीवर तर काय लिव्हलंय! का वो, औषध खराब निघालं का?"

सगळ्यांनी माना वळवल्या. मल्लम्मानं डोळ्यांनी खूण केली. एवढं एक 'हो' म्हणायचं होतं. अप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या दुकानातून खराब माल? एवढ्या वर्षांत जी गोष्ट झाली नाही, ती ह्या आठ-दहा जणांसमोर कबूल करायची? ते त्यांच्या जिभेवर येईना. मग त्यांनी लेकीकडं बघितलं आणि छाती भरून मोठ्यानं म्हणाले, "माल एक नंबर हाय. पण तो माझ्या लेकीचा हाय. तिला पुढं कधी लेकरू पायजे झालं तर म्हणून तिचं बीज आत्ता काढून जपून ठेवायचंय. त्याचं इंजेक्शन हे. चुकून विकलं मी."

माऊलीची तंबाखू तळहातावरच राहिली. मल्लम्माला वाटलं, धरणी दुभंगावी, नाहीतर निदान त्या म्हशीशेजारी आपल्याला जागा मिळावी.

"लगीन झालं पोरीचं?" एकानं विचारलंच.

"न्हाई. अन् तुला पत्रिका बी देणार न्हाई," अप्पा म्हणाले.

लोक खदखदून हसले. बायनाबाईनं माऊलीच्या हातातली डबी ओढून घेतली आणि सरळ रंजूजवळ गेली. "लेकरू ठेवायचं न्हाई म्हणून बायांना दवाखान्यात नेलेलं लय बघितलं बाई. जपून ठेवायचं बी निघालं, हे बरं झालं." तिनं डबी तिच्या हातात ठेवली आणि गालावरून हात फिरवला. "लय दुखतंय का गं?"

इतके दिवस मुकाट्यानं सुया टोचून घेणारी पोरगी, ह्या एवढ्याशा प्रश्नाला तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "दुखतंय," ती म्हणाली. बायनाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं.

अप्पांनी पैसे काढले, तर किशनराव पाण्यातनंच हात जोडत म्हणाले, "राहू द्या वो. म्हैस अजून पाण्यात, अन् तुमी आतापासूनच मोल करायलाव. ती निघाली की दुसरी डबी द्या." आणि खरं सांगायचं तर डबी ओम्नीत गेली न गेली तोच ती बया सावकाश पाण्याबाहेर आली आणि काही झालंच नाही अशी उभी राहिली.

नऊला इंजेक्शन झालं. मंगळवारी सकाळी परभणीला जाऊन बीज काढून झालं. मॅडम म्हणाल्या, मिळालं ते चांगलं आहे, पण थोडं आहे. दोन महिन्यांनी आणखी एकदा करावं लागेल.

मल्लम्मा पुन्हा मनात हिशेब करायला लागली. एकदा पोटात घातलं अप्पांनी, दुसऱ्यांदा घालतील? येलदरीची गोष्ट तोवर पार पूर्णेपर्यंत पोचली होती. सोयरेधायरे फोन करून "ऐकलं ते खरं का" म्हणून विचारायचे. अप्पा फोनवर काय बोलायचे ते पडद्यापलीकडं नीट ऐकू यायचं नाही, पण फोन लवकर संपायचा.

दोन महिन्यांनी रंजू पुन्हा रजेवर आली. घरच्या फ्रीजचा मिस्त्री अजून 'उद्या'च येत होता. मल्लम्मा नव्या डब्या पदराखाली घेऊन, जीव मुठीत धरून दुकानात गेली. अप्पा गिऱ्हाईकाशी बोलत होते. तिनं हळूच फ्रीज उघडला आणि उभीच राहिली.

मधला कप्पा रिकामा होता. लसी वर गेल्या होत्या, सलाईनच्या बाटल्या खाली. कप्पा पुसून लख्ख केलेला, कोपऱ्यात विभूतीची तीन बोटं ओढलेली, आणि कडेला पांढऱ्या पट्टीवर अप्पांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: 'विक्रीसाठी नाही.'

"काय मूर्तीसारखी उभी राहिलीस?" अप्पा मागून ओरडले. "ठेव अन् दार लाव. गारवा जायलाय सगळा."