चादरीवर नसलेली खोली

साहेब, तुम्ही माझ्या आईला बेघर ठरवलंत, आणि पुरावा म्हणून तिचीच चादर धरलीत.

आमची खोल्यांची ओळ पाडायची ठरली. जो तिथं राहतो त्यालाच नवी खोली, हा तुमचा नियम. तपासायला भर दुपारी आलात. बराच वेळ कडी वाजवलीत, तेव्हा आईनं दार उघडलं. केस विस्कटलेले, गालावर चटईचे वळ. मी सासरहून तिचा डबा घेऊन त्याच वेळी पोचले.

शेजारीण तुम्हाला सांगून बसली होती, ही बाई रात्री घरात नसते. खरंच आहे. अंथरुणाला खिळलेल्यांपाशी आई रात्रपाळी करते. त्यांच्या खाटेशेजारी, जमिनीवर, डोळा लागेल तेवढा लागतो. जिथं पाठ टेकली त्या घराची खूण ती एका चादरीवर दोऱ्यानं भरते. कुणाचा जिना, कुणाचा पिंजरा, कुणाचा गळका नळ. माणूस गेलं की गाठ मारून दोरा तोडते. एवढी घरं जमीनदाराचीही नसतील, असं आम्ही तिला चिडवायचो.

तुम्ही विचारलंत, झोपता कुठं? माझी भोळी आई. पेटीतून चादर काढून तुमच्यापुढं अंथरली. मी तिचा हात दाबला, पण ती कसली थांबतेय. पोटच्या पोरांची ओळख करून द्यावी तशी एकेक खूण दाखवत सुटली.

"आणि या खोलीची खूण?" तुम्ही म्हणालात.

आई चादरीवर वाकली. नाही हे ठाऊक असूनही शोधत राहिली.

"स्वतःच्या घराची कुणी नोंद ठेवतं का, साहेब? परक्याचं घर विसरायला होतं, म्हणून ठेवायची."

तुमचा कारकून हसला. तुम्ही हसला नाहीत. 'येथे वास्तव्य नाही' असं लिहून कागद तिच्यापुढं सरकवलात. तिनं सही केली, वर तुम्हाला पाणी विचारलं.

संध्याकाळी ती सुईत दोरा ओवून बसली. या खोलीची खूण काय भरावी, ते तिला सुचेना. मी सुई काढून घेतली. आता भरली तर तुम्ही तिला लबाड म्हणाल.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. त्या दुपारी कडी वाजवून ज्या बाईला तुम्ही झोपेतून उठवलंत, ती झोपली कुठं होती?

तोंडी नको. लेखी द्या.