फाटकापर्यंत

जुन्या हुबळीत वेंकटेशअण्णांचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याखालचं आवार आणि पुढे लोखंडी फाटक. विकलेली गाडी बाहेर काढायची ती मात्र त्यांच्या मुलीनं, दीपश्रीनंच. चाकांखाली लिंबं ठेवायची, गाडी फाटकापर्यंत आणायची आणि उतरून किल्ली गिऱ्हाइकाच्या ओंजळीत द्यायची. तिच्या हातची गाडी कधी घात करत नाही, असा बोलबाला पार अळणावरपर्यंत झाला होता. गाडीचा रंग गिऱ्हाईक नंतर विचारी. आधी विचारी, "अक्का आहेत ना?"

अक्काला जायचं होतं. अळणावरच्या एका लहान शाळेत तिला शिकवायला पहिलीचा वर्ग मिळणार होता. वडिलांपाशी, म्हणजे अप्पांपाशी, विषय काढला की लाडाचं उत्तर ठरलेलं. "एवढा दसरा होऊ दे, पुट्टी." मग दिवाळी येई, मग लग्नसराई. शेवटी मुख्याध्यापिका श्यामलाबाईंनीच फोन केला.

"सोमवारी प्रार्थनेला हजर राहा, बाई. नाहीतर मी दुसरी बघते. पोरांना किती दिवस व्हरांड्यात बसवू?"

त्याच आठवड्यात बातमी आली. मंजुनाथ नावाच्या गिऱ्हाइकाला विकलेली गाडी केलगेरीजवळच्या वळणावर उलटली होती.

"माणसं?" दीपश्रीनं विचारलं.

"सुखरूप आहेत म्हणे," अप्पा म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले.

तिचा जीव भांड्यात पडला. आणि मग, स्वतःचीच लाज वाटावी, असं आत काहीतरी हलकं झालं. हातगुण संपला! आता कोण अडवणार?

"आता मी जाऊ, अप्पा?"

"जा," अप्पा खाली बघत म्हणाले. "आता इथं तुझं काय काम?"

ते बोल तिला लागले. तरी तिनं बॅग भरली, वर रंगीत खडूंची पेटी ठेवली.

रविवारी सकाळी मंजुनाथ आला. कपाळाला पट्टी, हातात नारळ, मागे मेहुणा. भांडायलाच आला असं वाटून अप्पा उठून उभे राहिले. पण तो सरळ दीपश्रीपुढे वाकला.

"अक्का, गाडीचा पापड झाला, पापड! आतली सगळी माणसं मात्र पायांनी चालत बाहेर आली. तुमचा कैगुण, तुमचा हातगुण, दुसरं काय!"

"अहो, उलटली ना गाडी! माझ्या हातात काही नाही."

"मोठी माणसं असंच म्हणतात," मेहुण्यानं हात जोडले. "मला ती पांढरी द्या. मुहूर्त उद्या सकाळचा. किल्ली तुमच्याच हातची हवी."

अप्पांच्या चेहऱ्यावर रंग परतला. "एवढा सोमवार, पुट्टी."

"अप्पा, मला सोमवारच तर हवाय."

"श्यामलाबाईंशी मी बोलतो," अप्पा म्हणाले आणि पांढऱ्या गाडीची काच पुसायला घेतली.

सोमवारी लिंबं फुटली. गाडी फाटकाशी आली. फाटक सताड उघडं होतं. समोरचा रस्ता धारवाडकडे जात होता आणि तिथून पुढे अळणावरला. इंजिन चालू होतं. शाळेत आता पोरं रांगेत उभी राहत असतील. बाहेर मेहुणा ओंजळ पसरून उभा होता, शेजारी आरतीचं ताट घेऊन त्याची बायको. दोघंही देवाकडे बघावं तसं तिच्याकडे बघत होते.

तिनं किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

"सावकाश चालवा," किल्ली देताना ती म्हणाली.

गाडी निघून गेली. ती वळून आवारात आली, तेव्हा अप्पा पुढच्या गाडीच्या चाकांखाली लिंबं मांडत होते.